दहा हजारपट वजन, हजारपट भूक

एक किलोच्या माशापेक्षा दहा किलोच्या माशाला दहापट अन्न लागत असेल, असे वाटते ना? प्रत्यक्षात तसे नसते.

अन्नापासून ऊर्जा मिळवून ती वापरण्याच्या शरीरातील क्रियांना चयापचय म्हणतात. १९३२ साली मॅक्स क्लायबर यांनी लहानमोठ्या प्राण्यांची तुलना करून एक नियम मांडला. त्यानुसार दहा हजारपट वजनाच्या प्राण्याला सुमारे हजारपटच ऊर्जा लागते. म्हणजे दर ग्रॅममागे मोठ्याचा खर्च लहानाच्या एकदशांश! माशांमध्ये हे प्रमाण थोडे बदलते. पण लहान जीव वजनाच्या मानाने जास्त खातो, हे तिथेही खरेच.

आता तळ्याकडे पाहू. पाण्यावर तरंगणारी सूक्ष्म शेवाळे बारीक जीव खातात, त्यांना छोटे मासे आणि छोट्यांना मोठे मासे. प्रत्येक पायरीवर बरीचशी ऊर्जा चयापचयातच खर्च होते. पुढच्या पायरीला साधारण एकदशांश मिळते. म्हणून मोठे मासे नेहमी थोडेच असतात.

मग एवढीशी शेवाळे सगळ्यांना कशी पोसतात? दुकानात माल थोडा असला तरी रोज विकून रोज नवा भरला, तर उलाढाल मोठी होते. शेवाळांचे तसेच आहे. त्यांचा चयापचय वेगवान, आणि एक-दोन दिवसांत ती दुप्पट होतात. इंग्लिश खाडीत तर दर चौरस मीटरला शेवाळे ४ ग्रॅम आणि त्यांना खाणारे जीव २१ ग्रॅम, अशी नोंद झाली आहे.

या हिशेबात उन्हाळा गडबड करतो. पाणी १० अंशांनी तापले की माशांची प्राणवायूची गरज जवळजवळ दुप्पट होते. उलट २० अंशांच्या गोड्या पाण्याच्या एका लिटरात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांना साडेसातच. गरज वाढते, पुरवठा घटतो. त्यात सांडपाणी आले, तर ते कुजतानाही प्राणवायू संपतो आणि पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागतात.

घरी मत्स्यपेटी असेल, तर सकाळी व दुपारी पाण्याचे तापमान पाहा. मासा मिनिटाला किती वेळा कल्ले हलवतो, तेही मोजा आणि वहीत टिपून ठेवा. पालकांनो, उन्हाळ्यात पेटी सावलीत ठेवा आणि उरेल इतके खाद्य टाकू नका. गावच्या तळ्यात कचरा न टाकणे, हीदेखील माशांचा श्वास राखण्याचीच गोष्ट आहे.