चर, रेती आणि भिवंडीची गल्ली

भिवंडीत घर वाढवायला काढलं की दोन कामं आधी निघतात: दारापुढे चर खोदणं आणि गल्लीच्या तोंडाशी रेती-खडी उतरवून घेणं. दोन्ही ‘त्यात काय बघायचंय’ म्हणत बिगाऱ्यावर सोपवली जातात.

दीड फूट खोदलं तर केबलला धक्का लागत नाही, ही सर्वांत धोकादायक समजूत. आयएस 1255 या भारतीय मानकानुसार घरगुती दाबाची केबल किमान 75 सेंटिमीटर, म्हणजे अडीच फूट खाली हवी; 11 केव्हीची 90 सेंटिमीटर. पण हे आकडे केबल टाकली त्या दिवसाचे. मागाहून गटार होतं, रस्ता उकरला जातो, वरची माती निघून जाते आणि केबल दीड फुटावरच पहारीला लागते. चरात ओळीने मांडलेल्या विटा किंवा फरशा दिसल्या की हात आवरावा. ते केबलवरचं झाकण असतं.

‘घरातला एमसीबी बंद केलाय, आता खोदा’ हेही ऐकू येतं. रस्त्यातली केबल तुमच्या बोर्डाच्या आधी येते. घरात अंधार झाला तरी तिच्यात वीज असतेच, आणि घरं व यंत्रमाग एकमेकांना खेटून असलेल्या वस्तीत ती केबल तुमची असेलच असंही नाही. म्हणून आधी वीज कंपनीला कळवायचं. 2007 पासून इथे महावितरणची फ्रँचायझी टोरंट पॉवरकडे आहे. रस्ता फोडायचा तर महापालिकेची परवानगी लागते. शिवाय 2023 मध्ये केंद्र सरकारने आणलेल्या ‘कॉल बिफोर यू डिग’ ॲपवर खोदाईची आगाऊ सूचना देता येते.

नळाचा पाइप प्लॅस्टिकचा आहे, मग गटारातून नेला तर काय झालं? पाणी ठरावीक वेळेलाच येतं. ते गेलं की पाइपात दाब उरत नाही आणि सैल सांध्यातून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. दोन्हींत 3 मीटर अंतर असावं, असं नियमपुस्तिका सांगते. आपली गल्लीच कुठे तेवढी रुंद आहे! तेव्हा निदान चर वेगळा हवा आणि नळाचा पाइप गटाराच्या पाइपाहून अर्धा मीटर वर.

आता रेती. ओली रेती जड, म्हणून माल जास्त मिळाला असं वाटतं. ब्रास हे वजन नव्हे, 100 घनफुटांचं माप आहे. दमट रेतीचे कण एकमेकांपासून दूर राहतात, ती पाव हिश्श्याने किंवा त्याहूनही जास्त फुगते. म्हणजे त्याच मापात माल कमी बसतो. काल्हेर-काशेलीच्या खाडीची रेती असेल तर तिच्यातल्या मिठाने सळया गंजतात. ती गोड्या पाण्याने नीट धुतलेली आहे का, हे भावाआधी विचारावं.

एक ब्रास रेती साधारण साडेचार टन भरते आणि छोटा हत्ती टेम्पो पाऊण टन माल नेणारा, हे कळल्यावर ‘एका खेपेत टाकतो’ म्हणणाऱ्याला काय उत्तर द्यायचं ते सुचतं. ढीग चराच्या काठावर टाकू देऊ नये, कड ढासळते. ताज्या भरलेल्या चरावरून डंपर गेला तर माती खचून खालचा पाइप दबतो. माल आधी उतरवून घ्यावा, चर नंतर खोदावा.