अव्यक्त राशींचा लहानमोठेपणा

भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मधील ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या बीजगणितात अव्यक्त राशींस कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे दिली. शिक्षकांनी हीच युक्ती वर्गात योजावी. काळ्या पिशवीत ८, निळीत ६ व पिवळीत १० चिंचोके मुलांच्या नकळत भरावेत. शेजारी अनुक्रमे ३, ५ व १ चिंचोका ठेवून तिन्ही वाटे समान असल्याचे सांगावे व फळ्यावर लिहावे:

का + ३ = नी + ५ = पी + १

पाचाचा अंक पाहून पुष्कळ मुले निळी पिशवी मोठी म्हणतील. त्यांस न रागावता चिंचोके मोजू द्यावेत. पिवळी, काळी, निळी असा उतरता क्रम मिळेल. ज्या राशीस अधिक जोड लागते ती मुळात लहान, हे मनात ठसेल. पुढील खेपेस संख्या बदलून पिशव्या बंदच ठेवाव्यात. मूल्य अज्ञात असूनही क्रम कळतो, हेच समीकरणाचे सामर्थ्य होय.