एका वार्तेचे मोल

पन्नास-साठ वर्षांपूर्वी जन्मलेल्या पुष्कळ माणसांच्या हातावर देवीच्या लसीचे वाटोळे वण अजूनही दिसतात. आजच्या मुलांना ती लस टोचावी लागत नाही. कारण ज्या रोगासाठी ती होती, तो रोगच आता पृथ्वीवर उरलेला नाही.

देवीचा रोग मोठा भयंकर होता. रोग्याच्या सर्वांगावर फोड येत. कित्येक दगावत, कित्येकांची दृष्टी जाई आणि जे वाचत त्यांच्या चेहऱ्यावर कायमचे व्रण राहत. विसाव्या शतकात या रोगाने सुमारे 30 कोटी माणसांचा बळी घेतला असावा, असा अंदाज आहे. देशांच्या सीमा त्याला कधी अडवू शकल्या नाहीत.

रोगाप्रमाणे त्यावरील उपायही देशोदेशी फिरला. इंग्लंडमधील डॉक्टर एडवर्ड जेन्नर यांनी 1796 साली देवीची लस शोधून काढली. त्या काळी लस बराच काळ टिकविण्याचे साधन नव्हते. म्हणून एकाला लस टोचावी, त्याच्या दंडावर उठलेल्या फोडातील द्रव घेऊन तो दुसऱ्याला टोचावा, अशा रीतीने ती पुढे नेत. बगदाद व बसरामार्गे ती अखेर मुंबईस पोहोचली. 14 जून 1802 रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचण्यात आली. भारतात ही लस प्रथम मिळाली ती या बालिकेला आणि तिच्याच दंडावरून ती इतर मुलांना मिळाली.

तरीही रोग हटला नाही. 1967 साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याच्या समूळ उच्चाटनाची मोठी मोहीम हाती घेतली. अमेरिका व सोव्हिएत संघ हे त्या काळचे प्रतिस्पर्धी. परंतु या कार्यात दोघांनीही हात दिला. प्रत्येक रोगी शोधावा, त्याला वेगळे ठेवावे आणि त्याच्या भोवतालच्या सर्व माणसांना लस टोचावी, अशी मोहिमेची रीत होती. त्यासाठी प्रत्येक रोग्याची वार्ता वेळेवर कळणे अवश्य होते. म्हणून कर्मचारी रोग्याचे चित्र घेऊन बाजारांत व शाळांत जात आणि असा कोणी आजारी पाहिला आहे काय, असे विचारीत. कोणत्या घरी काय चालले आहे, हे मुलांना बहुधा ठाऊक असे.

ऑक्टोबर 1975 मध्ये बांगलादेशातील भोला बेटावर रहिमा बानू या तीन वर्षांच्या मुलीच्या अंगावर फोड उठले. आठ वर्षांच्या एका मुलीने ही गोष्ट मोहिमेच्या कर्मचाऱ्यांना कळविली. लहान मुलीचे बोलणे म्हणून त्यांनी ते हसण्यावारी नेले नाही. रहिमाच्या घरावर पहारा बसला. आसपासच्या हजारो लोकांना लस टोचण्यात आली. रहिमा बरी झाली. देवीच्या उग्र प्रकाराची ती जगातील अखेरची नैसर्गिक रोगी ठरली. वार्ता देणाऱ्या मुलीला 250 टका बक्षीस मिळाले.

रोगाचा सौम्य प्रकार मात्र आफ्रिकेत अजून शिल्लक होता. 1977 साली सोमालियातील मेर्का शहरी अली माओ मालिन नावाचा तरुण रुग्णालयात स्वयंपाकी होता. टोचताना दुखेल या भीतीने त्याने लस चुकविली होती. देवी आलेल्या दोन मुलांना नेणाऱ्या गाडीला वाट दाखविण्यासाठी तो काही मिनिटे त्या गाडीत बसला आणि तेवढ्यात त्याला रोगाची बाधा झाली. नैसर्गिक रीतीने देवी झालेला तो जगातील शेवटचा माणूस. तो बरा झाला आणि आपली चूकही विसरला नाही. पुढे पोलिओच्या मोहिमेत तो गावोगाव हिंडला, स्वतःची कहाणी सांगून आईबापांना मुलांना लस देण्याविषयी विनवीत राहिला. 2013 साली त्याचा मृत्यू झाला.

8 मे 1980 रोजी जग देवीमुक्त झाल्याची घोषणा झाली. या यशात थोर शास्त्रज्ञांचा वाटा आहे, तसाच भोला बेटावरील त्या मुलीचाही आहे. तिने समुद्र ओलांडला नाही की मोठे भाषण केले नाही. जे पाहिले ते योग्य माणसाला वेळेवर सांगितले. जगाचे नागरिकत्व दूरदेशी गेल्यानेच लाभते असे नाही. डोळे उघडे ठेवून पाहावे, शेजाऱ्याचे दुःख आपले मानावे आणि आपल्या वाट्याचे काम टाळू नये, एवढ्याने त्याचा आरंभ होतो. ही सवय लहानपणीच लागावी लागते. ती लागावी यासाठी मुलांनी सांगितलेले वडीलधाऱ्यांनी लक्ष देऊन ऐकणे, हेही तितकेच आवश्यक आहे.