मोरींतून गेलेलें तेल



गेल्या दिवाळींत आमच्या घरीं चकल्या-अनारशांचें तळण झालें. उरलेलें करपट तेल मोरींत ओतून वर कढत पाणी सोडलें आणि तें नाहींसें झालें असें आम्ही समजलों. पंधरा दिवसांनीं तळमजल्यावरील बिऱ्हाडाच्या न्हाणीघरांत साऱ्या इमारतीचें मैलापाणी उलट चढलें. अंगणांतील चेंबर उघडल्यावर नळांत पांढुरका, कठीण गोळा सांपडला. त्यांत, ज्यांना आपण 'वेट वाइप्स' म्हणतों, त्या ओल्या रुमालांच्या चिंध्या गुंतल्या होत्या. तेल आमचें, रुमालही आमच्याच नातवाचे! जन्मभर मुलांना आरोग्यशास्त्र शिकविणाऱ्या मास्तरास हा धडा गटारानें दिला.

यामागील कारण सोपें आहे. कढत पाणी थोड्याच अंतरावर निवतें आणि तेलातुपाचा थर नळास बसतो. त्यांतून सुटणाऱ्या मेदाम्लांचा पाण्यांतील व सिमेंटमधील चुन्याशीं संयोग होऊन न विरघळणारा साबण बनतो. विहिरीच्या जड पाण्यांत साबणास फेस न येतां चोथा धरतो, तोच हा प्रकार. पुष्कळ ओल्या रुमालांत पॉलिएस्टरचे धागे असतात. ते कागदाप्रमाणें विरत नाहींत, उलट या चोथ्यास जाळें पुरवितात. २०१७ सालीं लंडनच्या व्हाइटचॅपल भागांत असा सुमारें २५० मीटर लांबीचा व १३० टनांचा गोळा निघाला होता.

आपली मीरा-भाईंदरची भूमि तर सखल, खाडी आणि मिठागरांच्या शेजारची. सपाट भूमींत नळांना उतार थोडा मिळतो, प्रवाह मंदावतो आणि थर लवकर धरतो. जेथें सांडपाणी पंपानें उचलावें लागतें, तेथें या चिंध्या पंपाच्या पात्यांनाच विळखा घालतात.

परंतु खरा प्रश्न, तुंबलेलें गटार मोकळें कोण करतो, हा आहे. सांचलेल्या मैल्यांतून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायु सुटतो. प्रथम त्यास कुजक्या अंड्यांची घाण येते. प्रमाण वाढतांच नाक बधिर होतें आणि वास गेला म्हणजे धोका टळला, असें समजणारा माणूस प्राणास मुकतो. २०१३ च्या कायद्यानें संरक्षक साधनांवांचून माणसास गटारांत उतरविण्यास मनाई केली. तरीही ऑक्टोबर २०२३ मध्यें सर्वोच्च न्यायालयास अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये करावी लागली. मृत्यु थांबलेले नाहींत, हाच याचा अर्थ.

म्हणून गृहिणींस व गृहस्थांस माझी विनंति अशी: तळणीचें तेल निवल्यावर बाटलींत भरावें आणि वापरलेलें तेल गोळा करणाऱ्यास द्यावें, त्यापासून बायोडीझेल होतें. कढया व ताटें धुण्यापूर्वीं रद्दी कागदानें पुसावीं. पूर्वीं राख हेंच काम करीत असे. ओला रुमाल, वेष्टनावर कांहींही छापलेलें असो, कचऱ्याच्या डब्यांतच टाकावा. यास पैसा लागत नाहीं, आणि त्यामुळें गटारांत उतरण्याची एखाद्याची पाळी टळेल.