हिशेबात न येणारी उष्णता

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील साखर कारखान्यांत बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, गव्हाणीत मोळी पडते आणि गाळप हंगामाची चर्चा सुरू होते. गाळप किती होणार, उतारा किती पडणार, पहिली उचल किती मिळणार, हेच विषय माजलगावच्या बाजारपेठेत आणि एस. टी. स्थानकावर ऐकू येतात. बॉयलरमधील वाफ ज्या नळ्यांतून पुढे जाते, त्या नळ्यांवरचे आवरण शाबूत आहे काय, असा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. वरवर पाहता तो केवळ यंत्रशाळेचा प्रश्न वाटतो. वस्तुतः उसाच्या दराशी त्याचे नाते निकटचे आहे.

सिंदफणा नदीवरील माजलगाव धरणाने या परिसरात ऊस आणला आणि त्या उसावर तेलगाव व पवारवाडी येथील कारखाने उभे राहिले. साखर कारखाना हा विजेपेक्षाही वाफेवर चालणारा उद्योग आहे. रस तापविणे, आटविणे आणि त्याची साखर करणे, ही सर्व कामे वाफ करते. वाफेसाठी लागणारे इंधन उसातूनच येते. एक टन ऊस गाळला की सुमारे तीनशे किलो ओले चिपाड, म्हणजेच बगॅस, हाती लागते. जुन्या गुऱ्हाळात चुलवाण जमिनीत खोदलेले असे आणि सभोवतीची मातीच उष्णता धरून ठेवी. कारखान्यात वाफ उघड्या हवेतून दूरवर जाते. तेथे मातीचे काम काचलोकर किंवा खनिज लोकर यांच्या थराने आणि त्यावरील अॅल्युमिनियमच्या पत्र्याने करावे लागते. कामगारांच्या भाषेत यालाच 'लॅगिंग' म्हणतात.

एका चौरस मीटरचा हिशेब

हे आवरण निघाले तर किती नुकसान होते? समजा, नळीचा उघडा पृष्ठभाग १५० अंश सेल्सिअस आणि भोवतालची हवा ३० अंश आहे. ऊर्जालेखापरीक्षणात रूढ असलेल्या सूत्रानुसार अशा एका चौरस मीटरमधून ताशी सुमारे १,९०० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. चांगले आवरण घालून बाहेरचा पृष्ठभाग ५० अंशांवर आणला, तर हीच हानी सुमारे २२० वर येते. ओल्या बगॅसची उष्णता किलोमागे सुमारे २,२७० किलोकॅलरी आणि बॉयलरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर उघडा राहिलेला प्रत्येक चौरस मीटर ताशी एक किलोहून थोडे अधिक बगॅस व्यर्थ जाळतो. १२० दिवसांच्या अखंड हंगामात हा आकडा तीन टनांवर जातो. एवढे बगॅस मिळण्यासाठी सुमारे दहा टन ऊस गाळावा लागतो. एका कोयत्याला, म्हणजे ऊस तोडणाऱ्या एका जोडप्याला, तेवढ्या तोडणीसाठी पाच-सहा दिवस राबावे लागते. ज्या जिल्ह्यातून दरवर्षी असंख्य कुटुंबे कोयता घेऊन परमुलखात जातात, त्या जिल्ह्याला या श्रमाचे मोल वेगळे सांगावयास नको.

आणि उघडा भाग एक चौरस मीटरच असतो, असेही नाही. दुरुस्तीसाठी व्हॉल्व्हवरील व जोडांवरील आवरण काढले जाते आणि पुन्हा बसवावयाचे राहून जाते. एक उघडा व्हॉल्व्ह साधारणपणे एक मीटर उघड्या नळीइतकी उष्णता दवडतो.

फुकट इंधनाचा भ्रम

इतके उघड नुकसान दुर्लक्षित का राहते? पहिले कारण म्हणजे बगॅस फुकटचे आहे, ही समजूत. अर्थशास्त्रात ज्याला पर्यायी वापर आहे अशी कोणतीही वस्तू फुकट नसते. वाचलेले बगॅस कागद कारखान्यास विकता येते. उच्च दाबाच्या बॉयलरवर त्याच्या एका टनापासून सुमारे चारशे युनिट वीज करून ती विकता येते. २०१२ मध्ये रंगराजन समितीने साखर व तिचे प्राथमिक उपपदार्थ यांच्या उत्पन्नातील ७० टक्के वाटा ऊस उत्पादकांना द्यावा, अशी शिफारस केली आणि २०१३ मध्ये महाराष्ट्राने त्याच धर्तीवर कायदा केला. या उपपदार्थांत बगॅसही येते. तेव्हा नळीवरून उडून जाणारी उष्णता ही एका अर्थाने शेतकऱ्याच्या दरातूनच उडून जाते.

दुसरे कारण ठेक्याच्या पद्धतीत आहे. सर्वांत कमी दराची निविदा मंजूर होते आणि देयक मिळते ते चौरस मीटरवर. पत्र्याखाली लोकर किती जाड आहे, ती दाबली गेली आहे काय, हे कोणास दिसत नाही. त्यातच पावसाळ्यात कारखाना बंद असतो. पत्र्याच्या फटीतून पाणी आत शिरते. लोकर उष्णता अडविते ती आपल्या तंतूंत अडकलेल्या हवेच्या बळावर. पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या वीसपटीहून अधिक असते. भिजलेले आवरण बाहेरून जसेच्या तसे दिसते, पण त्याचे काम संपलेले असते.

मोजणी हाच उपाय

म्हणूनच मोजणी हवी. हाताला चटका बसतो की नाही, ही कसोटी पुरेशी नाही. अवरक्त किरणांचा तापमापकही चकाकत्या पत्र्यावर फसतो आणि प्रत्यक्षापेक्षा कमी तापमान दाखवितो. त्यासाठी पत्र्यावर काळी पट्टी चिकटवून तेथील तापमान घ्यावे लागते. हंगाम सुरू झाल्यावर पंधरा दिवसांत असे सर्वेक्षण करून उघड्या व तापलेल्या जागांची यादी करता येईल. ठेकेदाराच्या देयकाचा काही भाग राखून ठेवून, वाफ चालू असताना पृष्ठभागाचे तापमान ठरलेल्या मर्यादेत आढळल्यावरच तो अदा करता येईल. व्हॉल्व्हसाठी काढता-घालता येणारी आवरणे मिळतात, तीच वापरावीत.

तथापि, आवरण जितके जाड तितके चांगले, असेही मानू नये. पहिला थर बहुतेक हानी थांबवितो. पुढील प्रत्येक थराचा लाभ घटत जातो आणि खर्च वाढत राहतो. शेवटच्या थराचा खर्च व त्यापासून होणारी बचत जेथे समान होतात, तेथे थांबावे. सीमान्त लाभाचा हा नियम वर्गात शिकविला जातो. तो बॉयलरघरातही तितकाच खरा आहे.

या देशात तेलबचतीची जाणीव १९७३ च्या दरवाढीनंतर जागी झाली. २००१ मध्ये ऊर्जा संवर्धन कायदाही झाला. पण कायद्याला हिशेब मागणारा माणूस लागतो. सहकारी कारखान्याचा सभासद वार्षिक सभेत साखरेच्या उताऱ्याबद्दल विचारतो. यापुढे त्याने टनामागे किती वाफ लागली आणि किती बगॅस शिल्लक राहिले, हेही विचारावे. ताळेबंदात जे लिहिले जात नाही, तेच सर्वांत निर्धास्तपणे वाया जाते.