पहिल्या तीन फेऱ्या : मक्केतील रमल आणि बायबलमधील नृत्य

मक्केतील काबा या घनाकार वास्तूभोवती सात फेऱ्या घालण्याच्या विधीला तवाफ म्हणतात. काळा पाषाण ज्या कोपऱ्यात बसवलेला आहे तेथून फेरी सुरू होते आणि काबा सतत डाव्या हाताला राहतो. हज किंवा उमरा (हजच्या ठरावीक दिवसांखेरीज एरवीही करता येणारी लहान यात्रा) यांसाठी आलेला यात्रेकरू मक्केत पोहोचल्यावर जो पहिला तवाफ करतो, त्याच्या पहिल्या तीन फेऱ्यांत पुरुषांनी आखूड पावले झपाझप टाकीत, खांदे हलवीत, अंगातला जोम दिसेल अशा रीतीने चालावे, असा प्रघात आहे. उरलेल्या चार फेऱ्या संथपणे चालून पुऱ्या करायच्या असतात. या जोमदार चालीला रमल असे नाव आहे. त्या वेळी इहरामचे, म्हणजे यात्रेतील बिनशिवलेल्या पांढऱ्या वस्त्रांपैकी वरचे वस्त्र उजव्या काखेखालून घेऊन डाव्या खांद्यावर टाकतात व उजवा खांदा उघडा ठेवतात. त्याला इज्तिबा म्हणतात. रमल म्हणजे नृत्य नव्हे, आणि मुस्लिम धर्मशास्त्री त्याला नृत्य म्हणू देणार नाहीत. तरीही उपासनेत शरीराने किती मोकळे व्हावे, हा जो प्रश्न बायबलमधील नृत्याची वर्णने वाचताना पडतो, त्याच प्रश्नाला मक्केने दिलेले उत्तर या तीन फेऱ्यांत आहे.

या चालीचा उगम परंपरेने एका विशिष्ट प्रसंगाशी जोडलेला आहे. इ. स. ६२८ मध्ये झालेल्या हुदैबियाच्या तहानुसार प्रेषित मुहंमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पुढल्या वर्षी तीन दिवसांसाठी मक्केत येऊन उमरा करण्याची मुभा मिळाली, आणि ६२९ मध्ये ते आले तेव्हा मक्केतील कुरैश टोळीचे लोक बाजूच्या टेकडीवरून पाहत होते. यसरिबच्या, म्हणजे मदिनेच्या, तापाने ही माणसे खंगून गेली आहेत, अशी त्यांच्यात कुजबुज होती. तेव्हा प्रेषितांनी पहिल्या तीन फेऱ्या जोमाने चालण्यास सांगितले, मात्र काब्याच्या ज्या बाजूला गेल्यावर टेकडीवरील लोकांना काही दिसत नव्हते तेथे नेहमीसारखे चालण्याची मोकळीक दिली. म्हणजे उगमापाशी रमल हे सरळसरळ पाहणाऱ्यांसाठी होते. पुढे मक्का मुस्लिमांच्या हाती आली, टेकडीवर कोणी विरोधक उरला नाही, आणि तरीही ६३२ मधील अखेरच्या हजमध्ये प्रेषितांनी रमल केले, तेही तिन्ही फेऱ्यांत एका कोपऱ्यापासून पुन्हा त्याच कोपऱ्यापर्यंत, मध्ये कोठेही न थांबवता. दुसरे खलिफा उमर यांनी, आता रमल कोणाला दाखवायचे, असा प्रश्न स्वतःच उपस्थित केला आणि प्रेषितांच्या काळी जे केले ते सोडणार नाही, असे म्हणून तो स्वतःच मिटवला, अशी नोंद हदीसच्या, म्हणजे प्रेषितांच्या वचन-वर्तनाच्या, संग्रहांत आहे. इब्न अब्बास यांच्यासारख्या जाणकाराने मात्र रमल ही कायमची रीत मानण्याविषयी शंका घेतली होती. बहुसंख्य धर्मशास्त्री उमर यांच्या बाजूने गेले, आणि पाहणारे निघून गेल्यावरही चाल राहिली.

बायबलमध्ये पाहणाऱ्यांचा हाच प्रश्न दावीद राजाच्या कथेत सर्वांत तीव्रतेने येतो. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात कराराचा कोश, म्हणजे देवाच्या सान्निध्याचे चिन्ह मानलेली पेटी, यरुशलेमात आणल्याचे वर्णन आहे. पहिल्या प्रयत्नात वाद्यांचा गजर चालू असतानाच, बैलांना ठोकर लागली म्हणून कोशाला हात लावणारा उज्जा जागीच मरण पावतो, भयभीत झालेला दावीद कोश तीन महिने ओबेद-अदोम याच्या घरी ठेवतो, आणि नंतरच दुसऱ्यांदा मिरवणूक निघते. या वेळी सहा पावले चालून झाल्यावर यज्ञ होतो, आणि राजा तागाचे एफोद, म्हणजे याजकाचे आखूड वस्त्र, नेसून सर्व बळ एकवटून परमेश्वरापुढे नाचतो, उड्या मारतो, गिरक्या घेतो. त्याच्या उन्मुक्त नाचाचा दाखला देणारे पुष्कळ जण उज्जाचा मृत्यू गाळून टाकतात, आणि तेथेच त्यांचे वाचन उणे पडते. कारण हा नाच भय ठाऊक असलेल्या माणसाचा आहे.

खिडकीतून हा नाच पाहणारी मीखल, शौल राजाची कन्या व दावीदची पत्नी, त्याला मनातून तुच्छ लेखते आणि तो घरी आल्यावर, दासींच्या देखत अंग उघडे टाकल्याबद्दल टोचून बोलते. दावीदचे उत्तर दोन भागांत आहे: आपण नाचलो ते परमेश्वरापुढे, आणि याहूनही हलके ठरायची आपली तयारी आहे. मीखलला मरेपर्यंत मूल झाले नाही, एवढे सांगून अध्याय संपतो. प्रवचनांतून मीखल बहुधा कोरड्या, मानपानात अडकलेल्या उपासकाचा नमुना म्हणून उभी केली जाते, आणि हा तिच्यावर अन्याय आहे. याच मीखलने पूर्वी दावीदवर प्रेम केले होते, बापाच्या मारेकऱ्यांपासून त्याला खिडकीतूनच खाली उतरवून वाचवले होते, मग तिला दुसऱ्या पुरुषाला दिले गेले, आणि पुढे राजकारणाच्या सोयीसाठी, त्या पुरुषाला रडत मागे येताना सोडून, परत आणले गेले. तिचा राग एका नाचापुरता नसावा. पण तिची हरकत नाचाच्या उत्साहापेक्षा उघड्या अंगावर आहे, हेही ध्यानात घ्यायला हवे. हाच प्रसंग नंतरच्या काळात सांगणाऱ्या इतिहासाच्या पहिल्या पुस्तकाने दावीदला एफोदबरोबर तलम तागाचा झगाही घातला आहे, मीखलचा तिरस्कार एका ओळीत ठेवला आहे आणि नवरा-बायकोचा संवाद गाळला आहे. नाच त्या लेखकाला चालला. वस्त्राची मात्र त्याने सोय लावली.

मक्केच्या इतिहासातही वस्त्राचा प्रश्न असाच पुढे येतो. इस्लामपूर्व काळात काबा अनेक टोळ्यांचे तीर्थ होते, आणि कुरैश व त्यांच्याशी संलग्न टोळ्यांखेरीज इतरांपैकी काही जण, ज्या कपड्यांत पाप केले त्याच कपड्यांत देवघराभोवती फिरू नये या समजुतीने, निर्वस्त्र होऊन तवाफ करीत, असे जुने अरबी ग्रंथ सांगतात. ६३१ मधील हजच्या वेळी प्रेषितांचे निकटचे सहकारी अबू बक्र यात्रेचे प्रमुख असताना, यापुढे कोणी निर्वस्त्र तवाफ करू नये, अशी जाहीर घोषणा झाली. आज इज्तिबामध्ये उघडा राहतो तो फक्त खांदा. इस्लामपूर्व मक्केतील आणखी एका प्रथेवर कुराणाच्या अनफाल नावाच्या आठव्या अध्यायात कठोर टीका आहे: काब्यापाशी विरोधकांची प्रार्थना म्हणजे नुसती शीळ आणि टाळ्या, असे तेथे म्हटले आहे. उपासनेतील टाळ्या, वाद्ये व नाच यांना विरोध करणारे मुस्लिम धर्मशास्त्री शतकानुशतके या वचनाचा आधार घेत आले आहेत. मात्र शीळ नाकारणाऱ्या परंपरेनेच झपाझप चाल जपली, म्हणून मक्केत शरीराच्या जोमालाच नकार मिळाला असे म्हणता येत नाही. नाकारला गेला तो देवाकडे न वळलेला गलबला.

बायबलही नेमके येथेच भेद करते. मिसरच्या गुलामगिरीतून सुटून इस्राएल लोकांनी समुद्र पार केल्यावर मोशेची बहीण मिर्याम डफ हाती घेते आणि सर्व स्त्रिया तिच्यामागून नाचत निघतात, हे निर्गमाच्या पंधराव्या अध्यायात. आणि त्याच लोकांचा सोन्याच्या वासराभोवतीचा नाच पाहून मोशे हातातील पाट्या फोडतो, हे बत्तिसाव्या अध्यायात. दोन्ही ठिकाणी नाचणारे तेच आहेत आणि सुटकेचा आनंदही तोच आहे. बदलले आहे ते समोरचे दैवत. कर्मेल डोंगरावर बआल या दैवताचे संदेष्टे वेदीभोवती लंगडत उड्या मारतात व अंगावर जखमा करून घेतात, तेथेही दोष दिला आहे तो उत्तर न देणाऱ्या देवाच्या पूजेला. उलट स्तोत्रसंहितेतील १४९ व १५० ही अखेरची दोन स्तोत्रे डफ आणि नृत्य यांनी देवाची स्तुती करायला सांगतात, आणि तीही नि:संकोचपणे.

प्रदक्षिणेचा धागा तर दोन्हीकडे आहे. सव्विसाव्या स्तोत्राचा कर्ता हात धुऊन वेदीभोवती फिरण्याविषयी बोलतो. यरीहोच्या तटाभोवती याजक कोश घेऊन सहा दिवस रोज एक आणि सातव्या दिवशी सात फेऱ्या घालतात. यरुशलेमातील मंदिरातही मांडवांच्या सणात वेदीभोवती रोज एक आणि सातव्या दिवशी सात फेऱ्या होत, असे मिश्ना हा यहुदी नियमसंग्रह सांगतो. कोकणातील मराठीभाषक बेने इस्राएल समाजासह जगभरचे यहुदी आजही सिमहाथ तोराच्या सणाला धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या हाती घेऊन सभास्थानात फेऱ्या घालतात, आणि अनेक ठिकाणी त्या फेऱ्या गाण्या-नाचण्यात रंगतात.

तवाफनंतर सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये सात खेपा करायच्या असतात, त्याला सई म्हणतात. एक खेप सुमारे चारशे ते साडेचारशे मीटरची, म्हणून सर्व मिळून साधारण तीन किलोमीटर होतात. वाटेतील हिरव्या दिव्यांनी दाखवलेल्या टप्प्यात पुरुष धावतात. तान्ह्या इस्माईलसाठी पाणी शोधणाऱ्या हाजराच्या धावपळीची ही आठवण आहे. हीच हाजरा बायबलमध्ये हागार म्हणून येते. उत्पत्तीच्या एकविसाव्या अध्यायातील हागार बैर-शेबाच्या रानात मुलाला झुडपाखाली ठेवून दूर बसून रडते आणि देव तिला विहीर दाखवतो. मक्केच्या परंपरेतील हाजरा धावते, आणि जमजमचे पाणी मिळते. एका असहाय आईची धाव पुरुषांनीही पिढ्यान्‌पिढ्या पावलांत उचलावी, ही धर्माच्या इतिहासातील फार मोठी गोष्ट आहे. वेळापूरनजीक पालखी पोहोचल्यावर पंढरीच्या ओढीने वारकरी जो धावा करतात, तो ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे धावणे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

नव्या करारात उपासनेतील नृत्याविषयी थोडेच आहे. उधळ्या पुत्राच्या दृष्टांतात घरातून वाद्यांचा व नाचाचा आवाज येतो आणि थोरला भाऊ आत यायला नाकारतो. पेत्राने बरा केलेला लंगडा उड्या मारीतच मंदिरात शिरतो. पौलाने करिंथकरांना सर्व काही शिस्तवार करण्यास सांगितले, आणि पुढच्या काळात मंडळ्यांनी बहुधा हाच सल्ला उचलून धरला. महाराष्ट्रात या सल्ल्याची कसोटी केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात लागली. १९०५ च्या जूनमध्ये तेथे सुरू झालेल्या जागृतीत मुली व स्त्रिया एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या, थरथरू लागल्या, काही नाचूही लागल्या, आणि त्यावर टीका झाली. रमाबाईंनी १९०७ मध्ये आपल्या पत्रिकेत या अनुभवांची पाठराखण केली. हिंदी ख्रिस्ती माणसाने आपल्या स्वभावाला धरून देवापुढे व्यक्त व्हावे, पाश्चात्त्य शिस्तीचा साचा त्याच्यावर लादू नये, असा त्यांचा आग्रह होता. दावीदचे उत्तर मराठी मातीत कोणी दिले असेल, तर ते येथे दिले गेले.

इस्लाममध्येही उपासनेतील नाचाविषयीचा वाद मिटलेला नाही. ज्या ६२९ च्या उमऱ्यात रमल सुरू झाले, त्याच यात्रेतून परतताना प्रेषितांचे काका हमजा यांच्या अनाथ मुलीचा सांभाळ कोणी करावा यावर अली, जाफर आणि जैद या सहकाऱ्यांत वाद झाला, आणि प्रेषितांनी तिघांचीही प्रशंसा केल्यावर ते आनंदाने एका पायावर उडू लागले, अशी एक हकीकत आहे. तिच्या विश्वसनीयतेविषयी मतभेद असले तरी सूफी तिचा आधार घेतात. मदिनेच्या मशिदीत ईदच्या दिवशी हबशी लोक भाले घेऊन खेळले व प्रेषितांच्या पत्नी आयेशा यांनी ते पाहिले, ही नोंद मात्र प्रमाण संग्रहांत आहे. बाराव्या शतकाच्या आरंभी वारलेल्या धर्मचिंतक गजाली यांनी अशा दाखल्यांवरून भावावेशातील हालचालीला मर्यादित जागा दिली, तर त्याच शतकाच्या अखेरीस बगदादच्या इब्न अल-जौजी यांनी सूफींच्या नाचाला सैतानाची फसवणूक ठरवले. १८८५ मध्ये मक्केत राहिलेल्या स्नूक हुर्खोन्ये या डच अभ्यासकाने तेथील सूफी पंथांच्या जिक्रविषयी, म्हणजे देवाच्या नामस्मरणाविषयी, लिहिले आहे. १९२४ मध्ये मक्का सौदी सत्तेखाली आल्यावर शहरातील अशा जाहीर उपासनेला ओहोटी लागली.

रमल मात्र राहिले, आणि गर्दीमुळे ते अनेकदा जमत नसले तरी त्याचे नियम काटेकोर आहेत. तेराव्या शतकातील दमास्कसचे धर्मशास्त्री नववी यांनी असा निर्णय दिला आहे की काब्याच्या निकट राहिल्याने रमल करता येत नसेल आणि दूरच्या फेरीत ते जमत असेल, तर दूर जाऊन रमल करावे. कारण निकटता हा जागेचा गुण आहे आणि रमल हा खुद्द उपासनेचा. पहिल्या तीन फेऱ्यांत ते राहून गेले, तर पुढल्या चारांत भरून काढायचे नाही, कारण त्या चार फेऱ्यांची रीत संथ चालण्याची आहे.