पेटीतले जुने जीपीएस पुन्हा चालू करताना

पावसाळ्याच्या तोंडाशी खालापूर तालुक्यातल्या एका ठाकूरवाडीत जाणे झाले. चहा झाल्यावर घरातल्या मुलाने माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली आणि फडक्यात गुंडाळलेले मुठीएवढे पिवळे यंत्र माझ्या हातात ठेवले. "काका, हे बाबांच्या वेळचं. चालू होईल का?"

यंत्र गार्मिनचे ईट्रेक्स होते, म्हणजे हातात धरायचे जीपीएस. २००६ चा वनहक्क कायदा आल्यावर दावे मोजायला अशी यंत्रे आपल्या राज्यात रानोरान फिरली. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असलेली जमीन, चार हेक्टरांच्या मर्यादेत, असा तो हक्क. या घराची नाचणी-वरीची दळी डोंगरउतारावर आहे. म्हाताऱ्याने एका कार्यकर्त्याबरोबर दळीभोवती फिरून नऊ कोपरे यंत्रात साठवले होते. पुढे म्हातारा गेला, आणि एका कोपऱ्यावरचा ऐन २०२० च्या निसर्ग वादळात आडवा झाला. मुलाला यंत्राचे कौतुक नव्हते, त्याला ते नऊ आकडे हवे होते.

तुमच्याही घरी, पतसंस्थेच्या कपाटात किंवा डोंगर चढणाऱ्या भाच्याच्या पिशवीत असे यंत्र पडून असेल, म्हणून काय केले ते सांगतो.

आधी पाठीमागचे झाकण उघडा. सेल वर्षानुवर्षे आत राहिले असतील तर ते पाझरून पांढरा-हिरवट थर बसलेला असतो. आमच्याही यंत्रात होता. हा थर क्षाराचा, तेव्हा कापसाच्या काडीवर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन पुसावा, मग स्पिरिटने पुसून चांगला सुकू द्यावा. धातूच्या पट्ट्या काळ्या राहिल्या तर शाळकरी खोडरबर घासा. हात लगेच धुवा आणि पोरांना लांब ठेवा. नंतर एकाच जातीचे दोन नवे पेन्सिल सेल घाला. एक जुना, एक नवा अशी काटकसर येथे करू नका.

यंत्र उजळले, की खरी घाई आवरायची वेळ येते. ते उपग्रह सापडत नाहीत म्हणते, आणि कोणीतरी शहाणा सल्ला देतो, "सगळं पुसून पहिल्यापासून सुरू कर." थांबा! तसे केले तर साठवलेल्या खुणाही जाऊ शकतात. आधी खुणांची यादी उघडा आणि एकेक आकडा वहीत उतरवा. एकाने वाचावे, दुसऱ्याने लिहावे, मग उलटे करून ताडून पाहावे. काही जुन्या यंत्रांत आतली बारकी बॅटरी मेली की खुणा आपोआप पुसल्या जातात. आमचे नशीब बरे, नऊच्या नऊ शाबूत होत्या.

आकडे उतरवताना अंश-मिनिटांचा घोळ करू नका. कर्जत स्टेशन सुमारे १८ अंश ५४.६ मिनिटे उत्तर, ७३ अंश १९.३ मिनिटे पूर्व असे आहे. हेच कोणी १८.५४६ आणि ७३.१९३ असे लिहिले, तर स्टेशन चाळीसेक किलोमीटर दक्षिणेला, पालीच्या आसपास जाऊन बसते! साठ मिनिटांचा एक अंश होतो, शंभरांचा नव्हे.

आता यंत्र घेऊन उघड्यावर जा. खळे चालेल, भाताचे रिकामे खाचर चालेल. आंब्याखाली, पत्र्याखाली किंवा कड्याच्या पोटात उभे राहू नका. हे उपग्रह वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरतात, त्यांचा संदेश अगदी क्षीण असतो, आणि ओला पालाही त्याला अडवतो. कोणता उपग्रह कोठे असेल याचे एक पंचांगच ते प्रसारित करतात. यंत्रातले पंचांग जुने झालेले असते. नवे पुरते उतरवून घ्यायला साडेबारा मिनिटे लागतात, संदेश मध्येच तुटला तर त्याहून जास्त. म्हणून यंत्र दगडावर ठेवा आणि अर्धा तास हलवू नका. जागा बदलली का असे यंत्राने विचारले तर नवी जागा निवडा. चार उपग्रह हाती लागले, की ठिकाण आणि उंची दोन्ही मिळतात.

तारीख मात्र चुकीची दिसेल. उपग्रह आठवडे मोजतात, आणि १०२४ आठवडे झाले की मोजणी पुन्हा शून्यावर येते. असे १९९९ च्या ऑगस्टमध्ये झाले आणि २०१९ च्या एप्रिलमध्ये पुन्हा झाले. त्यामुळे जुने यंत्र साडेएकोणीस वर्षांपूर्वीची तारीख दाखवते. ठिकाण बहुधा बरोबरच असते, तेव्हा घाबरू नका.

मोबाइल असताना हा खटाटोप कशाला, असे विचाराल. मोबाइलही हेच उपग्रह वापरतो, रेंज नसली तरी. पण ओल्या बोटांनी तो ऐकत नाही, आणि चार्जिंग संपले की संपले. पिवळे यंत्र दोन सेलांवर वीसेक तास चालते. इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली, तेव्हा वर गाडीरस्ता नव्हता. मदतीचे लोक मुसळधार पावसात, अंधारात पायी चढले. अशा वाड्या आपल्याकडे अजून पुष्कळ आहेत. वाडीचे, वरच्या झऱ्याचे आणि गाडी जेथवर येते त्या जागेचे आकडे ठळक अक्षरांत दाराशी लिहून ठेवले, तर १०८ ला फोन करणाऱ्याला वाचून दाखवता येतील.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. बांधाच्या भांडणात हे यंत्र पुढे करू नका. मोकळ्या आकाशाखालीही ते पंधरा ते तीस फूट चुकते, आणि एक गुंठा म्हणजे तेहेतीस फूट लांब, तेहेतीस फूट रुंद. शेजाऱ्याचा अख्खा गुंठा त्या चुकीत मावतो! त्यासाठी भूमी अभिलेखाची मोजणीच हवी. वनहक्काच्या दाव्यात विहीर, बांध, वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हे पुरावे नियमांतच आहेत. यंत्रातले आकडे त्यांच्या सोबतीला ठेवावेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दळीवर गेलो. आठ कोपरे दगडांवरून सहज जुळले. नववा आकडा आम्हाला करवंदीच्या जाळीत घेऊन गेला. मुलाने कोयत्याने जाळी तोडली, यंत्राच्या जागेपासून दहा-बारा पावलांवर ऐनाचे कुजलेले खोड सापडले, आणि त्याने तेथे चुन्याचा दगड रोवला.